चिमणीच्या शेपटीखालचा सांधा

९ जानेवारी २००३, गुरुवार

मंडळाची आज पहिली बैठक, आणि पहिल्याच बैठकीत माझी शोभा झाली.

चहा आला. कप बरा होता, पातळ काठाचा. मी सवयीनं तो डोळ्यांच्या वर धरला, बुडाखालचा शिक्का बघायला. कपात चहा आहे हे डोक्यातच नाही! अर्धा माझ्या बाहीत गेला, अर्धा सरकारनं लंडनहून पाठवलेल्या मिस पेलच्या कागदांवर. ती पोरगी दचकून उभी राहिली. मी म्हटलं, "सॉरी हं, डक." त्यावर ती आणखीनच लाल झाली. इथं बसचा ड्रायव्हरही सगळ्यांना लाडानं डक म्हणतो, पण तिला कोण सांगणार. नगरपालिकेचा म्हातारा सभासद मात्र पोट धरून हसत होता. तिला म्हणाला, "बाई, आमच्या लाँग्टनचा माणूस कुणाकडे गेला की आधी प्लेट उलटी करून कुठल्या कारखान्याची आहे ते बघतो, मग 'कसे आहात' विचारतो. सवय करून घ्या." कप परदेशी निघाला, हे मी कुणाला बोलले नाही.

तर काम असं आहे. कारखाने बुडालेल्या गावांना पुन्हा उभं करायचं म्हणून सरकारनं पैसा काढलाय. आमच्या वाट्याला एक रक्कम आहे, ती एकाच कामाला द्यायची, तुकडे करायचे नाहीत, असा वरून हुकूम. मागणारे दोघे. एक आमचा थिसल्टनचा चिनी मातीचा कारखाना. त्यांना नवी भट्टी बांधायचीय आणि पर्यटकांसाठी दालन काढायचंय, म्हणजे आम्ही तीनशे माणसं कामावर राहू. दुसरी माझी धाकटी बहीण ग्लेनिस. तिचा कारखाना बंद पडल्यावर तिनं तिथल्या काही माणसांना जमवलं, आणि आता त्यांना कालव्याकाठची जुनी गिरणी घेऊन स्वतःची चिनी मातीची भांडी काढायचीत.

गावकऱ्यांतर्फे मंडळावर मी आहे. कारखाना माझा आणि बहीणही माझीच, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. मत मार्चमध्ये. घरी येऊन क्लिफला सगळं सांगितलं तर नवरा म्हणतो, "म्हणजे कसंही केलंस तरी शिव्या तुलाच." इतकं बोलून खोकत बसला.

१९ जानेवारी, रविवार

ग्लेनिस आली. मी ओटची धिरडी केली होती, आत चीज. पाच खाल्लीन आणि मग विषय काढलान.

"बेरिल, तुझं मत आम्हाला हवंय."

"मत काय मीठ आहे का, वाटीभर दे म्हणून मागायला?"

"थट्टा नको गं. आम्ही चहाच्या किटल्या काढतोय, चर्चमागच्या शेडमध्ये. लंडनची दुकानं घेतायत. भट्टी पुरत नाही, एवढंच अडलंय."

"तुम्ही जेमतेम चौदा माणसं. आम्ही तीनशे. कुठल्या तोंडानं मी हात वर करू?"

"तो तुमचा साहेब ऑर्मरॉड इथला नाही. उद्या उठून गेला तर?"

"दोनशे वर्षांचा कारखाना काय खिशात घालून नेईल?"

ग्लेनिस क्लिफकडे बघायला लागली. तो खिडकीतून बाहेर बघत होता. ही माझी बहीण लहानपणापासून अशीच, सगळ्यांत खोट काढणारी. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या आईची ताटं उलटी करून "दुय्यम माल" म्हणाली होती, तोंडावर. जाताना मात्र गळ्यात पडली. जीव आहे माझा तिच्यावर, पण तीनशे माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

मिस्टर ऑर्मरॉडनी वर ऑफिसात बोलावलं. गेल्या वर्षी ते दक्षिणेकडून आले, तेव्हापासून कारखान्यात कधी आवाज चढवलेला ऐकला नाही. त्यांच्या खुर्चीसमोर बसायची माझी पहिलीच वेळ. चहा दिला, स्वतः ओतून. कप आपल्याच कारखान्याचा होता पण दुय्यम, कडेला टाचणीएवढा डाग. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. माणसानं आयुष्यात कधी प्लेट उलटी करून बघितली नसेल. पण सभ्य आहे.

म्हणाले, "मिसेस मॅचिन, पर्यटक दालनात आम्हाला तुमच्या हातांचं काम दाखवायचंय. दोन मुली येतायत, कलाशाळेच्या. त्यांना सगळं शिकवा, हातचं काही राखू नका. आम्ही त्याची फिल्म घेऊ."

छत्तीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी हवेत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुली आठवडाभर होत्या. रत्ना आणि वुलान. पूर्वेकडच्या कुठल्यातरी बेटावरच्या. अंगानं चिमुकल्या, स्वेटरवर स्वेटर घातलेल्या, आणि आमच्या जेवणाला हात लावायला घाबरणाऱ्या. तिसऱ्या दिवशी मी डब्यातलं धिरडं दिलं, तेव्हा कुठं हसल्या.

मी त्यांना चिमणीची वेल ही नक्षी शिकवली. आमच्या कारखान्याची हीच ओळख, दुसरं कुणी काढत नाही. नक्षीचा कागद पाण्यात भिजवायचा, प्लेटच्या काठावर सरकवायचा, रबराच्या चकतीनं पाणी आणि हवा काढायची. एवढं कुणालाही येतं. खरी मेख शेवटी आहे. वेलीची पट्टी गोल फिरून आली की दोन टोकं जुळायला हवीत, आणि तो सांधा दिसता कामा नये. सगळ्याजणी पानावर जुळवतात. मी चिमणीच्या शेपटीखाली जुळवते, तिथं रंग गर्द आहे. माझा सांधा आजवर कुणाला सापडलेला नाही, ग्लेनिसलासुद्धा नाही. हे मी आपल्या इथल्या पोरींनाही कधी सांगितलं नव्हतं. पण "हातचं राखू नका" म्हणाले होते, आणि वुलानची बोटं अशी हलकी की मलाच मोह झाला. कॅमेरावाला जवळ आला. "पुन्हा एकदा, हळू," म्हणाला. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं.

वुलाननं विचारलं, प्लेटमागे हा ठिपका कसला? मी म्हटलं, ती माझी खूण. नक्षी लावणारी प्रत्येकजण बुडाच्या कडेला आपली खूण काढते, म्हणजे काम कुणाचं ते कळतं. माझा ठिपका आणि खाली रेघ. "तूही एक ठरव," मी म्हटलं. तिनं बारीक कुंचला घेतला आणि इवलीशी मासोळी काढली, शेपटी वर उचललेली. तिचे वडील मासे धरतात म्हणे.

आज निघताना दोघी रडल्या. मी वुलानला माझी रबराची चकती दिली, कडेनं झिजून माझ्या अंगठ्याच्या आकाराची झालेली. आता नवी हाताला बसेपर्यंत वैताग. पण कलाशाळेतल्या पोरी एवढ्या मन लावून हातकाम शिकतात, हे बघून बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

साच्यांच्या माडीवरून दिवसभर लाकडी पेट्या खाली येत होत्या. जिन्यावर माणसं कमी म्हणून आम्हीही हात लावला. प्लेटचे, सूपच्या भांड्यांचे, सगळे मूळ साचे, ज्यांच्यावरून पुढचे साचे निघतात ते. नूतनीकरणात छपराची धूळ पडेल, म्हणून सुरक्षित जागी ठेवतायत. किती काळजी घेतात बघा, म्हणून मी क्लिफला कौतुकानं सांगितलं.

क्लिफनं चमचा खाली ठेवला. आयुष्यभर त्यानं तेच साचे केलेत, त्याच पांढऱ्या धुळीनं त्याची छाती गेलीय.

"मूळ साचे? सगळे?"

"हो. मी स्वतः चार पेट्यांत गवत भरलं."

"कुठं ठेवतायत?"

"मला काय ठाऊक! गोदामात कुठंतरी."

"पेट्यांना खिळे मारले की लांबच्या प्रवासाला मारतात तसे स्क्रू?"

"अहो, जेवा ना! खिळे काय नि स्क्रू काय!"

जेवला नाही. परसात जाऊन उभा राहिला, त्या गारठ्यात. जुने दिवस आठवले असणार. पुरुषांचं हे असंच, मनातलं बोलतील तर शपथ. माझा स्वयंपाक वाया गेला.

२ मार्च, रविवार

ग्लेनिसशी भांडण. फोनवर.

ती म्हणाली, "क्लिफनं मला साच्यांचं सांगितलं. बेरिल, डोळे उघड."

मी म्हटलं, "नवऱ्याला माझ्याविरुद्ध फितवतेस? तुला फक्त तुझी गिरणी दिसते."

"आणि तुला फक्त ऑर्मरॉडनं ओतलेला चहा."

मी फोन आपटला. चहाचं तिला सांगायला नको होतं मी.

५ मार्च, बुधवार

उद्या मत. मिस पेलचा फोन येऊन गेला. मंडळ बरोबर अर्धं अर्धं फुटलंय, आणि माझं काय ते अजून कुणाला कळत नाहीये. मलाही कळत नाही. कारखान्यात सगळ्याजणी माझ्याकडे बघतात. माझ्या शेजारी नक्षी लावणाऱ्या ट्रेसीनं तर माझ्यासाठी केक आणला. ट्रेसीला दोन मुलं आहेत, नवरा नाही.

क्लिफला विचारलं, "मी काय करू?" म्हणाला, "तू कधी माझं ऐकलंयस?" मी म्हटलं, "आज ऐकते." तेव्हा म्हणाला, "माझ्याकडे पुरावा नाही, बेरिल. नुसती शंका आहे. शंकेवर तीनशे माणसांना घरी बसव असं कसं सांगू?" बिचारा.

६ मार्च, गुरुवार

ग्लेनिस मागच्या खुर्चीवर बसली होती. शेडमधली माणसंही आली होती, धुतलेले कपडे घालून. ऑर्मरॉड पहिल्या रांगेत.

थिसल्टनच्या बाजूनं पाच हात वर. मग सगळे माझ्याकडे वळले. ट्रेसीचा केक आठवला, तिची पोरं आठवली. मी हात वर केला.

टाळ्या वाजल्या. मागं वळून बघितलं तेव्हा ग्लेनिसची खुर्ची रिकामी होती. ऑर्मरॉडनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. तळवे कोरडे आणि थंड होते.

योग्य केलं मी. तीनशे माणसं आहेत. योग्यच केलं.

१६ मार्च

ग्लेनिस फोन उचलत नाही.

६ एप्रिल

आजही नाही. आईच्या थडग्यावर फुलं घेऊन गेले, तर तिची आधीच ठेवलेली होती. दर वर्षी आम्ही बरोबर जातो.

२२ मे, गुरुवार

पर्यटक दालन भराभर उठतंय. काचेच्या भिंती, कॉफीचं दुकान. भट्टीसाठी खोदलेल्या खड्ड्यात मात्र पाणी साचलंय. ऑर्मरॉड म्हणतात भट्टी दुसऱ्या टप्प्यात. पैसा कसा टप्प्याटप्प्यानंच येतो ना.

आता आठवड्याचे तीनच दिवस काम आहे. चिमणीची वेल सध्या थांबवलीय, गोदामात भरपूर पडून आहे म्हणतात. आम्ही हॉटेलांसाठी साधा पांढरा माल काढतोय. क्लिफनं विचारलं, "कुठल्या गोदामात?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" जरा जोरातच बोलले. मग त्याच्यासाठी खिमा आणला, आवडतो म्हणून.

ग्लेनिसच्या गिरणीवर फलक लागलाय. तिथं मोटारी उभ्या करायला जागा होणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आत्ताच आले. कोट अजून अंगावर आहे. लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

दालनाच्या उद्घाटनाचं जेवण. दीडेकशे माणसं. आम्हा कामगारांनाही बोलावलं होतं, हेच केवढं अप्रूप. मी निळा झगा घातला, क्लिफनं टाय. सरकारचा कुणी मोठा माणूस आला होता, मिस पेल त्याच्या मागंमागं. जेवणानंतर आभाराचे दोन शब्द मी बोलायचे असं ठरलं होतं. पाठ करून गेले होते.

टेबलांवर चिमणीच्या वेलीच्या प्लेटा मांडल्या होत्या. नव्या, लखलखीत. डोळे भरून आले माझे. मग व्हायचं तेच झालं. लाँग्टनची माणसं रिकाम्या प्लेटांसमोर बसवली, तर दुसरं काय होणार? सूप यायच्या आधीच सगळ्या हॉलनं एकदम प्लेटा उलट्या केल्या. ऑर्मरॉड त्या मोठ्या माणसाला हसत काहीतरी सांगत होते. हसताहसता थांबले.

शिक्का आमचा होता. मुकुट, त्याखाली थिसल्टन. त्याखाली नेहमी 'इंग्लंड' असतं. तिथं काही नव्हतं, नुसती चकचकीत झिलई.

ट्रेसी माझ्याकडे बघत होती. मी प्लेट दिव्याजवळ नेली. बुडाच्या कडेला बारीक मासोळी होती, शेपटी वर उचललेली.

मग मी प्लेट सुलट केली आणि सांधा शोधला. बोट फिरवलं, नख फिरवलं. चिमणीच्या शेपटीखाली आहे हे मला ठाऊक, तरी सापडेना. चोख काम. माझ्याइतकंच चोख.

त्या पोरीचा मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

क्लिफ माझा हात धरून म्हणाला, "चल, घरी जाऊ." मी म्हटलं, "नाही, मला बोलायचंय." सूप येण्याआधीच उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "ही प्लेट इथली नाही, वुलान नावाच्या मुलीनं तिकडे तिच्या बेटावर केलीय. मी तिला शिकवलं. मला सांगितलं होतं ती कलाशाळेची आहे. साच्यांच्या पेट्यांत गवत मीच भरलं. आणि मार्चमध्ये हातही मीच वर केला." खाली बसले.

कुणीतरी प्लेट आपटून फोडली. मग आणखी एकानं. मी आयुष्यात फुटकी प्लेट बघून कधी सुखावले नाही, आजही नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नोटिसा आल्या. नाताळला नक्षीचा विभाग बंद, मग साच्यांचा, मग सगळंच. राहणार फक्त दालन.

मिस पेलकडे गेले. पैसा परत घ्या म्हटलं. तिनं करार समोर ठेवला. कामगारांची संख्या उद्घाटनाच्या दिवशी मोजायची असं त्यात आहे, आणि त्या दिवशी आम्ही तीनशेच्या तीनशे पगारावर होतो. प्लेटा उलट्या करत बसलो होतो ना, हॉलमध्ये! भट्टीचं त्यात 'शक्य झाल्यास' आहे. "मला खरंच वाईट वाटतंय," म्हणाली आणि रडायलाच लागली. मीच तिला रुमाल दिला, आणि म्हटलं, "राहू दे, डक." या वेळी लाल झाली नाही.

ट्रेसी रस्त्यात भेटली. मान वळवून गेली. हक्क आहे तिचा.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मला दालनात नोकरी देऊ केलीय. ऑर्मरॉडनी नाही, ते गेले म्हणे कुठंतरी. नव्या बाईनं. शनिवार-रविवारी पर्यटकांना नक्षी लावून दाखवायची, जुन्या पद्धतीचा झगा घालून. दोरीच्या पलीकडे बसायचं.

नाही म्हणणार होते. क्लिफचं औषध, घराचं भाडं, सगळं डोळ्यांसमोर आलं. हो म्हटलं. आरशात बघवत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहिला दिवस. डोक्यावर झालरीची टोपी, जी आमच्यात कुणी कधी घातली नाही. एका माणसानं मुलीला सांगितलं, "बघ, पूर्वी असं करायचे." मी पूर्वीची झाले.

हात ऐकत नव्हते. नवी चकती अजून अंगठ्याला बसत नाही. तिसऱ्या प्लेटवर होते आणि दोरीच्या पलीकडून आवाज आला.

"सांधा दिसतोय."

ग्लेनिस. मार्चनंतर पहिल्यांदा. बारीक झालीय, केस पांढरे होऊ दिलेत. बोटाला माती नव्हती, नख स्वच्छ. सुपरमार्केटमध्ये लागलीय असं कानावर आलं होतं.

मी म्हटलं, "असेल दिसत."

तिनं हात पुढे केला. पर्यटकांना हात लावायची परवानगी नाही, तरी मी प्लेट दिली. तिनं ती उलटी केली, आमच्या आईसारखीच, एका हातानं. बराच वेळ बुड बघत राहिली.

"खूण कुठाय?"

"नाही काढली."

"का?"

मी चकती पुसत बसले. मागं सहलीला आलेल्यांची रांग थांबली होती, त्यांची गाइड घड्याळ बघत होती.

ग्लेनिसनं प्लेट माझ्यासमोर ठेवली, उलटीच. "काढ," म्हणाली. "बघतेय मी."

मी कुंचला घेतला. ठिपका काढला. रेघ जरा वाकडी आली. ग्लेनिसनं मान हलवली आणि गेली, बाहेरच्या दाराकडे, रांगेला वळसा घालून.

टेबलावर तिचं तिकीट राहिलं होतं. मला भेटायला तिनं तिकीट काढलं होतं.